मामांनी पास केलेली मुलं

जबलपुरातल्या मराठी घरांतलं मूल बारावीनंतर काय करणार, हे बोर्ड ठरवत नाही, कोचिंगवाले ठरवत नाहीत, आई-बाप तर नाहीच नाही. ते माझ्या बायकोचे मामा ठरवतात, आणि मुलाला मटार सोलायला लावून ठरवतात.

मामा तोफांच्या कारखान्यात तपासनीस होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि ‘पास’, ‘रिजेक्ट’ किंवा पुन्हा घडवायला ‘रीवर्क’ म्हणून बाजूला ठेवायचा, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर सुटे भाग यायचे थांबले, तेव्हा ते बारावीच्या मुलांकडे वळले. जानेवारीत इथे मटार पोत्यांनी येतो. तेव्हा परीक्षेला बसणारं मूल मामांच्या अंगणात हजर करायचं, असा आम्हा लोकांत रिवाजच पडून गेला आहे. मामा त्याच्यापुढे शेंगांचा ढीग ओततात, स्वतः खुर्चीत बसतात आणि अक्षर न बोलता पाहत राहतात. बँकेतल्या माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा सोलायचा कमी आणि खायचा जास्त. वडिलांनी त्याचं सीए होणं पक्कं केलं होतं. मामा म्हणाले, “ह्याला खाण्याच्या धंद्यात घाला, नाहीतर हा लोकांचा हिशेब खाईल.” आज गोहलपुरात त्याचं केटरिंगचं काम आहे आणि लग्नसराईत तो बापाचासुद्धा फोन उचलत नाही. अर्थात मामांचं प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. एक मुलगा शेवटपर्यंत काठीसारखा ताठ बसला, म्हणून मामांनी त्याला फौजेत पास केलं. ताठपणाचं कारण पाठीवरचं गळू होतं, हे मागाहून कळलं. फौजेनं त्याला परत पाठवलं, पण मामा ढळले नाहीत. “पोरगा बरोबर आहे,” ते म्हणाले, “फौजेचं माप चुकून राहिलं.”

आता माझं सांगतो. मी कमी बोलणारा माणूस आहे, आणि जे बोलायला हवं ते तर अजिबातच बोलत नाही. माझी मुलगी मुक्ता यंदा बारावीला होती. तिला दगडांचं शिक्षण घ्यायचं होतं. भूगर्भशास्त्र हा शब्द मला माहीत आहे, पण माझ्या तोंडी दगडच यायचं. भेडाघाटला नर्मदेच्या संगमरवरी कड्यांत लोक नावेत बसून फोटो काढतात, ही काठावर ओणवी होऊन खडे वेचते. मला ती इंजिनियर व्हायला हवी होती. तिला हे समोर बसून सांगण्याची माझी हिंमत नव्हती. म्हणून तिचा नंबर लागण्याच्या आदल्या दिवशी मी खव्याच्या जलेबीचा डबा घेऊन एकटाच मामांकडे गेलो.

“मामा, उद्या मुक्ताला इंजिनियरिंग सांगा. तुमचं ती ऐकते.”

मामांनी डबा उघडला. “कारखान्यात ठेकेदारही डबे आणत होते, जावईबापू. मी डबा खाऊन माल रिजेक्ट करत होतो.” आणि त्यांनी जलेबी खायला घेतली. बोट चाटत म्हणाले, “काहून, इतके घाबरून राहिले? पोरगी तुमची आहे, माझ्याकडे काय मागता?”

मी डबा तिथेच ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मुक्ता मटार सोलायला बसली. दाणे भांड्यात, सालं टोपलीत, आणि पोत्याच्या तळाशी मातीबरोबर आलेले खडे तिनं पुसून ओळीनं मांडले. “मामाआजोबा, ये देखो, ही गारगोटी आहे,” ती हरखून म्हणाली. मटारची तिला शुद्धही नव्हती. मामांनी खडा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “इंजिनियरिंग. पास.”

मुक्ताचा चेहरा पडला. ती “अच्छा” म्हणाली, हात धुऊन आली आणि परत त्या खड्यांकडे तिनं पाहिलं नाही. त्या दिवसापासून ती कोचिंगला जायला लागली. कुरकुर नाही, रडणं नाही. मला हवं ते मिळालं होतं आणि जेवण गोड लागत नव्हतं.

मे महिन्यात निकाल लागला, ती चांगल्या मार्कांनी पास झाली, कॉलेजचे फॉर्म भरायची वेळ आली. मी पुन्हा मामांकडे गेलो. ह्या वेळी रिकाम्या हातानं.

“मामा, तुम्ही खोटं काहून बोलले?”

“आले एकदाचे!” मामा खुर्चीत सरसावून बसले. “पोरगी तर पहिल्या खड्यालाच पास होती. मी तुम्हाला तपासून राहिलो होतो.”

“मग? माझं काय?”

“रीवर्क,” मामा म्हणाले. “चलो, आता घरी जा आणि तिला सगळं स्वतःच्या तोंडानं सांगा.”

मी सांगितलं. मुक्ता म्हणाली, “बाबा, तुम्ही मला जलेबीवर विकलं? कितनी थी?”

“अर्धा किलो.”

“सिर्फ आधा किलो!” असं म्हणून ती जी हसायला लागली, ती हसता हसता रडली. आणि मग तिनं आपल्या मनातला फॉर्म भरला.

आता ती सागरच्या विद्यापीठात दगडच शिकते. तिला पोचवून आल्यावर मी मामांना सांगायला गेलो. मामांना मूलबाळ नाही, मामीही गेल्या. अंगणात ते एकटेच बसले होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

“कारखान्यात रिजेक्ट माल वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहायचा, जावईबापू, रोज डोळ्यांसमोर. पास झालेला त्याच दिवशी गाडीत चढायचा. पुढे तो कसा चालला, हे मला कधीच कोणी कळवलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “पोरगी फोन करते ना?”

“रोज करते,” मी म्हणालो, आणि लगेच सुधारलं, “रविवारी करते.”

“मग रविवारी मी तुमच्याकडे येऊन बसू का?”

तेव्हापासून ते दर रविवारी येतात. फोन वाजला की मी तो आधी त्यांच्या हातात देतो.