महालाची जुनी पायवाट

चांदबिबी महालावर तुम्ही शेवटचे पायी कधी गेला होतात? गाडीरस्ता झाल्यापासून डोंगराची जुनी पायवाट आपण नगरकरांनी टाकूनच दिली. एक निवृत्त कोतवाल मात्र रोज सकाळी तिनेच चढतात. हातात कोयता असतो. आडवी आलेली बाभळीची फांदी छाटतात आणि कधी मी बरोबर असलो तर वळणावर थांबून, "लई देखणं हाय आपलं नगर," असं मला दटावल्यासारखं सांगतात.

गेल्या महिन्यात पायथ्याच्या प्लॉटवाल्याने वाटेवर काटेरी तार ओढली. मी संतापून तिथेच तक्रारअर्ज लिहायला बसलो. कोतवाल काका तारेखालून सरपटत पलीकडे गेले. सदरा टरकन फाटला.

"काका, या वयात?"

"मग तुज्या कागदावरनं चालू? चौकशीला साहेब आला की पहिलं इचारतो, वाट चालू हाय का? गवत माजलं की वाट गेली."

प्लॉटवाला बघत होता. "एकटं म्हातारं," तो हसून म्हणाला, "किती दिवस चालंल?"

काका चढू लागले. मी अर्ज खिशात घालून तारेखाली वाकलो.

आता आम्ही दोघं आहोत. येत्या रविवारी सकाळी सहाला पायथ्याशी या आणि आमच्याबरोबर ही वाट चाला. जुना सदरा घालून या.