अकरा वादक, तीन नावं

सरकारी पुरस्काराची बातमी कोणी कौतुकाने सांगायला लागलं की हल्ली मी विषय बदलते. पूर्वी अशी नव्हते. मी पुण्यातल्या एका शिक्षकाची मुलगी. आमच्याकडे ‘राज्य पुरस्कारप्राप्त’ हे माणसाच्या नावाच्या आधी छापतात, मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा. बाबांनी आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी स्वतःच स्वतःची फाईल करून दोनदा पाठवली होती, कारण पद्धतच तशी आहे. दोन्ही वेळा तो दुसऱ्याला मिळाला आणि दोन्ही वेळा बाबा त्याच्या सत्काराला हार घेऊन गेले. यात काही वावगं आहे हे मला तेव्हा दिसलं नाही.

करोनाच्या साथीच्या पहिल्या वर्षी मी सिडनीत वेस्टमीडला राहायचे. मास्टर्स झालेलं, व्हिसा तात्पुरता, आणि काम एका खाजगी हॉस्पिटलात सफाईचं. एका ठेकेदाराकडे आम्ही सात जण होतो. लॉकडाऊन लागला, ठरलेली ऑपरेशनं थांबली, वॉर्ड रिकामे झाले आणि ठेकेदाराने एका मेसेजने सातही जणांच्या शिफ्ट बंद केल्या. सरकारची पगाराची मदत तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नव्हतीच. मायदेशी जा, असं टीव्हीवरून सांगत होते. विमानं बंद ठेवून सांगत होते!

मला पत्रकं लिहिता येतात. फीवाढीच्या आंदोलनात शिकले होते: एक चेहरा, एक ओळ, एक मागणी. मागणी साधी होती. सातही जणांच्या शिफ्ट परत द्या. प्रश्न चेहऱ्याचा होता.

आमच्यातले सगळ्यात वयस्कर एक रशियन गृहस्थ होते. साठी उलटलेली, मुलीच्या मागे इथे आलेले. कमी बोलायचे. मॉप मात्र असा चालवायचे की लादी आरशासारखी दिसे. हॉस्पिटलच्या कार पार्कात आम्ही सात जण दीड-दीड मीटरवर उभे राहून पत्रकाचं ठरवत होतो. मी म्हटलं, प्रत्येकाने आपल्याबद्दल काहीतरी सांगा. ते म्हणाले, “मी व्हायोला वाजवायचो. सरकारचा पुरस्कार होता.”

मी उडालेच. राज्य पुरस्कार! पदक आहे? आहे. फोटो काढू या?

“पदक नको,” ते म्हणाले.

मला वाटलं, विनय. आपल्याकडे सत्कारमूर्ती आधी नकोच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी आग्रह करकरून मी त्यांना सफाईच्या गणवेशावर पदक लावायला लावलं. लावता लावता ते बोलले. त्यांचा अकरा जणांचा वाद्यवृंद होता, समोर काठी हलवणारा कोणी नाही. एकमेकांचा श्वास ऐकून वाजवायचे. मग वरून पुरस्कार आला. अकरा जणांना नव्हे, यादीत तीन नावं होती. समारंभात तिघे स्टेजवर गेले, आठ जणांनी खाली बसून टाळ्या वाजवल्या. त्या तिघांना, म्हणजे त्यांनाही, सरकारकडून टेलिफोन मिळाला, मोठं घर मिळालं.

“आणि वाद्यवृंद?”

“वाजवत होतो की. पण श्वास ऐकू येईना.” पदक सरळ करत ते म्हणाले, “मुली, भांडणाऱ्या लोकांना सरकार शिक्षा करतं, ते सोपं. एकत्र असलेल्या लोकांना बक्षीस देतं.”

मी ऐकलं. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं आहे म्हणून ऐकलं, पत्रकात कुठे बसेल हे बघत. आणि मग छापलं काय? ‘राज्य पुरस्कारप्राप्त वादक तुमचे संडास धुतो आणि आता तेही काम हिरावलं जातं.’ खाली छोट्या टायपात सात जणांची नावं आणि मागणी.

माझी रूममेट नागपूरची, सातातलीच एक. तिने पत्रक दोनदा वाचलं.

“काय बे, म्हणजे यांनी संडास धुणं वाईट. मी धुतले तर चालते?”

“अगं, लक्ष वेधायला लागतं.”

“माझी इंटरमिजिएट ड्रॉइंगची बी ग्रेड आहे. छापतेस?”

मी हसले. तीही हसली, पण तिने त्या दिवशी माझा चहा केला नाही.

पत्रक पसरलं. एका खासदाराच्या ऑफिसातून ठेकेदाराला फोन गेला. आठवड्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्या गृहस्थांना परत बोलावलं, लॉबीत उभं करून फोटो काढला आणि कंपनीच्या फेसबुक पानावर टाकला: आम्ही कलाकारांचा आदर करतो. एका माणसाच्या शिफ्ट परत आल्या. आम्ही सहा जण बाहेरच. मी फोन केला तेव्हा सुपरवायझर इथल्या दोस्तीच्या सुरात म्हणाला, “तुमचं पत्रक त्यांच्याबद्दलच होतं ना, मेट? झालं की. नो वरीज.”

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. का वाटलं? त्या तीन नावांच्या वेळीही त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. मुलीचं काम गेलं होतं, घरात नातू होता. ते कामावर गेले. मी त्यांना फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “यादी मी केली नव्हती. तेव्हाही नाही, आताही नाही.”

मग मी दुसरं पत्रक काढलं. सात जण, चेहरा नाही, पदक नाही. कुठूनही फोन आला नाही.

महिनाभराने त्यांचाच फोन आला. सात जणांचे मजले एकट्याने पुसून त्यांचा खांदा गेला होता. सुपरवायझर एक माणूस वाढवायला तयार होता, एकच. नाव सुचवा म्हणाला होता.

“तू सांग,” ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इतरांची नावं मला पाठ होती. दोन पत्रकांवर मीच छापली होती. एकाची बायको गरोदर होती. नागपूरवाली तर मी फोनवर बोलत होते त्याच स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. मला वाटतं मी फार वेळ घेतला नाही.

मी माझं नाव सांगितलं.

फोन ठेवला. स्वयंपाकघर एवढंसं, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने तव्यावरची पोळी उलटली.

“सकाळची शिफ्ट आहे का?”

“हो.”

“मग डबा लागेल. बटाट्याची भाजी देऊ की उसळ?”

“उसळ,” मी म्हटलं.