टाचणीमावशी आणि पानाचा ब्रोच

तीस वर्षं शिवणकाम केलं टाचणीमावशीनं. अर्ध्या टाचण्या ओठांत, अर्ध्या स्वतःच्या कोटाच्या कॉलरला. गिऱ्हाइकाशी बोलायची तीही दातांतल्या दातांत. खरं नाव विचाराल, तर अख्ख्या गल्लीत कुणाला आठवायचं नाही.

तिच्या लेकीचं लग्न परवावर आलेलं. लेकीला आजीचीच कानातली घालायची होती आणि त्यातल्या एकाची फिरकी निसटलेली. कानातल्यांच्या डबीच्या झाकणात एका बड्या दागिन्यांच्या दुकानाचं नाव होतं, म्हणून मावशी थेट तिथंच गेली. कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे!

"बसा, आलोच," म्हणून विक्रेता जो गेला तो गेला. पाऊण तास झाला. मागून आलेल्यांची सरबतं पिऊन झाली, हिला मेलं साधं पाणीसुद्धा नाही. समोर ब्रोचचा ट्रे कुणीतरी तसाच टाकून गेलेलं. त्यातल्या एका पानाच्या आकाराच्या ब्रोचची पिन वाकडी दिसली आणि मावशीचे हात शिवशिवले. तिनं तो ब्रोच उचलून पिन सरळ केली.

कंटाळून उठली, तर समोर आरशात दिसलं काय? ब्रोच तिच्या कॉलरला! हातांनी सवयीनं टोचून टाकला होता. काढावा तर कुणी बघेल, राहू द्यावा तर चोर ठरू.

तेवढ्यात विक्रेता आला. ब्रोच पाहून बडं गिऱ्हाईक समजला आणि कमरेत वाकला. "या ना मॅडम! काय दाखवू?"

तिनं कॉलरचा ब्रोच काढून काचेवर ठेवला. "चुकून हो... तुमचाच आहे हा."

विक्रेत्याचं हसू मावळलं. दारावरचा पहारेकरी आत आला. तिची पिशवी काचेवर उलटी झाली: टेप, खडू, आईची डबी.

"ही कानातली कुठून उचललीत?"

"माझ्या आईची आहेत. डबीत तुमचंच नाव आहे, बघा तरी!"

"मग पावती दाखवा. नाहीतर पोलिसांनाच बोलावतो."

आता पन्नास वर्षांपूर्वीची पावती काय पदराला बांधून फिरायचं? पण मावशीला भांडायचं सुचलंच नाही. लग्नघराच्या दारात पोलीस उभे दिसले तिला.

"ठेवा... तुम्हीच ठेवा," ती म्हणाली आणि बाहेर पडली. तिला कुणी थांबवलं नाही.

घरी लेक लग्नाचा झगा घालून आरशासमोर उभी होती. "आई, झाली फिरकी नीट? दे ना, घालून बघते."

मावशीनं चार-पाच टाचण्या ओठांत धरल्या आणि झग्याची कड दुमडायला खाली बसली.