चिंध्यांची वाट

मनमाडला रेल्वेत गँगमन असलेल्या हिरामणची तेहतीस वर्षं रुळांच्या कडेने चालण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्याने ठरवलं, आता जिथं वाट नाही तिथंच जायचं. चांदवडच्या डोंगरात घाणेरीच्या जाळ्यांत घुसायचं, अंग ओरबाडून घ्यायचं, एखादं लपलेलं तळं गाठायचं आणि गळ टाकून बसायचं. त्यातलं एक तळं तर त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. तिथले मासे, तिथली शांतता, सगळं त्याच्या एकट्याचं.

बायको, सिंधुबाई, दर खेपेला म्हणायची, "मलाबी न्या एकदा."

"वाट नाय तिथं. तुला जमायचं नाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पावसाळा सरल्यावर एकदा तो त्या जाळ्यांत असा चुकला, की दिवेलागणीला रक्ताळलेल्या हातांनी घरी आला. सिंधुबाईने आपलं जुनं लाल लुगडं टराटरा फाडलं आणि चिंध्या त्याच्या पिशवीत कोंबल्या. "वळणावळणाला बांधा. नायतर गळ मोडून टाकीन." पुढच्या खेपेला त्याने मुकाट्याने बांधल्या. मग गुडघ्याने दगा दिला आणि तो दोन महिने घरात अडकला.

गुडघा बरा झाल्यावर गेला, तर काय! पायाखाली चांगली रुळलेली वाट. त्याच्या लाल चिंध्यांशेजारी हिरव्या, पिवळ्या, एक तर चक्क जरीची. तळ्याकाठी शेंदूर फासलेला दगड, नारळाच्या करवंट्या आणि वीस-पंचवीस माणसं. हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय म्हणावं या लोकांना? रानात झाडाला चिंधी दिसली की विचारायचं नाही, पुसायचं नाही. देवीचं ठाणं समजून आपलीही एक फाडून बांधायची!

त्याने गळ काढला मात्र, ताटलीत कुरमुरे घेतलेली एक म्हातारी ओरडली, "ओ दादा! चिंध्याईचे मासे हायेत ते. धरायचे नसतात."

"आवो मावशी, ती चिंधी माझ्या बायकोच्या लुगड्याची हाय!"

"असं बोलू नाय. लय कडक देवी हाय. आन् चपला काढा आधी."

त्याचेच मासे कुरमुऱ्यांसाठी काठाशी झुंबड करत होते. तो अनवाणी उभ्यानेच बघत राहिला आणि गळ गुंडाळून परतला.

घरी येऊन तासभर तणतणला. "तुझ्या लुगड्यानं माझं तळं घालवलं!"

सिंधुबाईने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही की चिडली नाही.

"म्हंजी आता वाट झाली," ती म्हणाली. "आता तरी न्याल?"

हिरामणने तोंड उघडलं, पण ठरलेलं उत्तर आता चालणार नव्हतं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या लुगड्याच्या मागोमाग अख्खा मुलूख तळ्यापर्यंत जाऊन आला होता. ती तेवढी राहिली होती.