पियानोची तार तुटली तेव्हा

मंडळी, आज दुपारी जे झालं, ते इथंच लिहून मोकळी होते.

माझ्या लेकीला, गौरीला पियानो हवाय. बजेट छोटं, म्हणून जुना बघायला आज खंडाळ्याहून वाईला एका बाईंकडे गेलो. सोबत माझे धाकटे दीर. फौजेतून रिटायर होऊन आता ऊस बघतात. जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो की गाडी, घरात पारख त्यांचीच.

पियानो देखणा होता, पण एक पट्टी बेसूर. बाई चहा ठेवायला आत गेल्या आणि भाऊजींनी वरचं झाकण उघडलं. आतल्या तारा गंजलेल्या. "आवं वैनी, तार ढिली हाय. आवळली की झालं," म्हणत त्यांनी खिशातला पाना काढला आणि पंपाचा नट आवळावा तसा फिरवला. गौरी वाकून आत बघत होती.

गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. तार तुटली होती.

दचकून मिटलेले डोळे मी उघडले, तर भाऊजी फरशीवर पालथे आणि त्यांच्याखाली गौरी. मला तिचा चेहराच दिसेना. मी नुसती किंचाळत होते.

तिला काही झालं नव्हतं. तार भाऊजींच्या कानाला चाटून गेली होती. पण ते उठेचनात.

"काका, उठा की," गौरी म्हणाली.

"गप पडून ऱ्हा," ते कुजबुजले. "अजून एक यील."

पियानो तिथंच सोडून आलो. जुना पियानो कसा पारखतात, ठाऊक असेल तर सांगा.

आणि घरात फौजी असलेल्यांनो, तुमचा माणूस पुरता घरी यायला किती वर्षं लागली?