खारट भिंत

भिंत चाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल. मग आता नीट पाहून घ्या, तुमच्या समोरच बसला आहे.

हसू नका. वेडाच्या भरात नाही चाटली. चांगला विचार करून, आधी बोट लावून, मग जिभेवर घेऊन चव पाहिली. आणि त्या चवीपायी आमचं अख्खं कोपर गाव गुडघाभर चिखलात उतरलं.

सांगतो. मला घाईने सांगता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म मिठागरात गेला. शाळा पाहिली ती बाहेरून. पण खाडीचं पाणी मला कळतं. पाणी मीठ धरायला आलं की नाही, हे मी बोट बुडवून जिभेला लावलं की सांगतो. लोक दुरून विचारायला यायचे. गावाने खारजमिनीचा बांधही माझ्याच गळ्यात घातलेला. बांधाला खेकडे बिळं पाडतात. बीळ असतं एवढंसं, पण भरतीचं पाणी त्यातून आत शिरलं की शेत गेलंच म्हणून समजा. म्हणून अमावास्या आली, पौर्णिमा आली, की त्याआधी मी बांधावरून चालत जायचो आणि एकेक बीळ चिखलाने बुजवायचो. त्यात कधी खंड नाही.

घरातल्या मोरीचं काय विचारता? मोरीचं पाणी खापराच्या नळातून, भिंतीखालून परसात जायचं. त्या नळात अधूनमधून काठी घालून गाळ काढा, असं आमची मंडळी सांगायची. मी हो म्हणायचो. हो म्हणायला कष्ट पडत नाहीत.

आमची एकुलती लेक यमी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मोरीला लागून एक खोली होती, वाऱ्यापासून आडोशाची. तीच तिच्यासाठी ठेवली. मी स्वतः जमीन सारवली. बाज विणली. शेगडी आणून कोपऱ्यात मांडली आणि रोज उगाच तिथे जाऊन बसू लागलो. यमी आली तेव्हा मंडळी म्हणाली, आता तरी तिथून उठा, पोरीला निजू द्या.

थोड्याच दिवसांत विहीणबाई मानपाड्याहून गाडी जोडून आल्या. सून नीट आहे की नाही, खोली कशी आहे, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. बाई करड्या, पण मनाने वाईट नाहीत. त्या सरळ खोलीत गेल्या आणि तळहात भिंतीला लावला. हात ओला झाला.

"ओल हाय," त्या म्हणाल्या. "ओलीत बालंतीण कुनी ठेवत नाय. पोरीला मी परत नेते."

यमीने फक्त माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पायात काटा मोडला की ती अशीच पाहायची.

आता तुम्हीच सांगा, बापाने काय करावं? मला जे येत होतं ते मी केलं. भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर घेतलं. खात्री व्हावी म्हणून वाकून सरळ जीभच लावली.

खारट!

माझा जीव भांड्यात पडला. होय, पडला. कारण घराची ओल असती तर दोष माझा. पण खारट पाणी म्हणजे खाडी, आणि खाडी तर माझ्या हातातली गोष्ट. मी विहीणबाईंना समजावून सांगितलं, की बांधाला कुठेतरी मोठं बीळ पडलं असणार, पाणी जमिनीखालून पाझरत इथवर आलं. दुपारची भरती चढायच्या आत बुजवतो, चार दिवसांत भिंत कोरडी होईल.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे खाडी घराखाली आली?"

"आली," मी म्हणालो. जरा ऐटीतच म्हणालो.

"मंग तर पोरीला घटकाभरबी हितं ठेवायची नाय."

पाहिलंत? स्वतःच्या तोंडाने पोर घालवत होतो. मी तसाच बाहेर पडलो आणि शेजारच्या दामाला हाक मारली. बांध झिरपतोय, एवढंच त्याला सांगितलं. दामाचा आवाज मोठा. त्याची हाक पहिल्या आळीत पोचली तेव्हा बांधाला भगदाड पडलं होतं. शेवटच्या आळीत पोचेपर्यंत बांध वाहून गेला होता. माणसं टोपल्या, कुदळी घेऊन धावली. कुणी बियाण्याचं भात माळ्यावर चढवलं, कुणी कोंबड्या. दामाची म्हातारी आई कोंबड्यांबरोबर माळ्यावर जाऊन बसली, ती उतरायला तयार होईना.

आम्ही बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिखल तुडवला. बीळ नाही. भेग नाही. इतका चांगला राखलेला बांध मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो मीच राखलेला होता.

"दादूस," गुडघाभर चिखलातून दामाने विचारलं, "भोक हाय तरी कुठं? दाखव, म्हंजे बुजवू."

तेवढ्यात आमची मंडळी बांधावर आली. हातात बांबूची काठी, आणि काठीच्या टोकाला काळा गाळ लोंबतोय. ती कधी चारचौघांत मोठ्याने बोलत नाही. जवळ येऊन हळूच म्हणाली, "मोरीचा नळ तुंबला व्हता. काठी घातली तशी सगलं पानी गेलं."

दुसरा कुणी असता तर त्याने ती काठी खाडीत फेकली असती. मलाही तसंच वाटलं. पण घरी गाडी जुंपली जात होती. खाडी घराखाली आहे या भीतीने विहीणबाई पोर नेत होत्या, आणि ती भीती घालवायची तर खाडी निर्दोष आहे, घाण माझ्याच मोरीत आहे, हे उघड सांगण्याखेरीज वाट नव्हती. मी काठी घेतली आणि पळत सुटलो. वाटेत जो विचारेल त्याला सांगत गेलो, खाडी नव्हे, मोरी, माझी मोरी.

यमी गाडीत बसलीसुद्धा होती. मी बैलांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"विहीणबाई, खाली उतरा. माझी मोरी किती घाण आहे, ती एकदा बघाच."

अशी विनवणी आमच्या कुळात कुणी विहिणीला केली नसेल. त्या उतरल्या. परसात गेल्या. राख, शितं, माशांची खवलं, सगळा खच मी त्यांना काठीने उकरून दाखवला, देवळातला देव दाखवावा तसा. तोवर गावही मागोमाग येऊन अंगणात उभं होतं.

विहीणबाई तरी तयार होईनात. "मोरीचं पानी खारट कसं? तुमची जीभ चुकत नाय म्हनतात."

उत्तर दिलं नाही तर पोर चालली, हे दिसत होतं. मी मंडळीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

"हे मिठागरातून आले की," ती शेवटी म्हणाली, "रोज मोरीतच पाय धुतात."

दामा पोट धरून होता तिथेच खाली बसला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, एका हाताने गाडीचं चाक धरलं आणि तशाच हलत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

यमी राहिली. शेगडीच्या धगीने भिंत वाळली आणि त्याच खोलीत आम्हाला नात झाली. हल्ली पौर्णिमा-अमावास्येला मी आधी मोरीत काठी घालतो, मग बांधावर जातो.

बारशाला विहीणबाई पुन्हा आल्या. निघताना त्यांनी आमच्या मंडळीला बाजूला घेतलं आणि मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात बजावलं, "नातीच्या अंघोलीचं पानी लांब नेऊन ओत गो बाय. हितं आजोबा चव बघतात."