विजूचा कडक उपास

सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली आणि माझ्या कपाळावर आठी पडली. सेंट्रिफ्यूज म्हणजे रक्त गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणारं मशीन. वर उरतं ते सीरम. उपाशीपोटी आलेल्या माणसाचं सीरम बहुतेक वेळा स्वच्छ, पिवळसर असतं. हे दुधाळ होतं. म्हणजे बाई चांगली जेवून आली होती. साखरही डायबेटिसच्या घरात.

नारायणगावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. ट्यूबवर नाव होतं वांजिरू. केनियाची मुलगी, इथल्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाबांची तज्ज्ञ. कॉन्ट्रॅक्ट वाढवण्याआधी कंपनीला मेडिकल हवं होतं. त्यात साखर निघाली तर परतीचं तिकीट. ती ओझरला सिंधूकाकूंकडे भाड्यानं राहते. काकूंनी तिची कधीच 'विजू' करून टाकली आहे. दोघी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

आधी मी स्वतःवर संशय घेतला. लेबल तपासलं. साखर मोजणाऱ्या मशीनवर कंट्रोल लावला. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल. मशीन खरं बोलत होतं. मग उरली विजू.

"साखर जास्त दिसतेय. फास्टिंग नीट केलं होतं ना?" मी इंग्रजीत विचारलं.

"एकदम नीट. काकूंनी सांगितलं तसंच."

काकूंना 'फास्टिंग' तेवढं कळलं. "कडक उपास हाय मॅडम. पोरगी लई गुणाची. मी सवता ध्यान ठेवलंय."

चेहरे इतके निर्मळ की माझा संशय वाढलाच. मेडिकलला लोक खोटं बोलतात, हे मला नवं नाही. साखर लपवायला गुपचूप जादा गोळी घेऊन येणारेही पाहिलेत. पण खाऊन यायचं आणि उपाशी म्हणायचं, यात हिचा काय फायदा?

आता विजूच माझ्याकडे रोखून बघायला लागली. "सुई नवीन होती ना? माझं सॅम्पल दुसऱ्या कोणाशी बदललं नाही ना?"

मला राग आला. पण परमुलखात अनोळखी माणसापुढे दंड उघडा करून बसायचं, तर इतकं तिनं विचारायलाच हवं. मी सुईचं फाडलेलं पाकीट आणि ट्यूबवरचं तिचं नाव दाखवलं.

तेवढ्यात कंपनीच्या एचआरचा फोन.

"मॅडम, रिपोर्ट?"

"रिपीट करावी लागेल टेस्ट."

"कशाला? जे आलंय ते पाठवून द्या."

"त्यावर मी सही करणार नाही."

"म्हणजे काहीतरी आहे तर!" आता तोही संशयात.

फोन ठेवून मी काकूंसमोर खुर्ची ओढली. "काकू, सकाळपासून हिच्या पोटात काय काय गेलं?"

"काय न्हाई. उपासाचंच."

"उपासाचं म्हणजे?"

"शाबूची खिचडी. तूप जरा सढळ हातानं घातलं, रगत द्यायचं व्हतं ना. मग शेंगदाण्याचा लाडू, येक केळं आन पेलाभर दूध. च्या मातुर दिला न्हाई!"

आमच्या रिसेप्शनिस्टनं फोनवर काकूंना सांगितलं होतं, "उपाशी आणा." काकूंच्या कानात शिरला उपास. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, ती मी रिपोर्टमध्ये पहिल्यांदाच पाहिली.

मी विजूकडे वळले. "आणि तू खाल्लंस?"

"मला वाटलं, भारतात फास्टिंग असंच करतात. पॅकिंगच्या बायकाही गुरुवारी फास्ट म्हणतात आणि खिचडी खातात." तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मला डायबेटिस नाही?"

"ते उद्या. फक्त पाणी पिऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघी हजर. काकूही उपाशीच आल्या होत्या. "पोरीला उपाशी ठिवून माझ्या घशाखाली घास उतरंल का?"

विजूची साखर अगदी नॉर्मल. मी रिपोर्टवर सही केली. विजूनं काकूंना मिठीच मारली आणि म्हणाली, "आता काकूंचीही बघा."

काकूंचं सीरम स्वच्छ, खरंखुरं उपाशी. साखर मात्र विजूच्या कालच्या आकड्याच्याही वर. मला वाईट वाटलं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्टही लावली. तीही तेच म्हणाली.

काकूंनी ऐकून घेतलं. आधी माझ्याकडे, मग मशीनकडे बघितलं. "काल पोरीचं चुकलं व्हतं ना? मंग माझंबी चुकलं आसंल. उद्या खिचडी खाऊन येते, मंग बराबर येईल."

विजूचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. काकूंची गोळी सुरू झाली, आणि त्यांच्या ताटावर आता विजूचा पहारा असतो.

मी मात्र कोणालाही "उपाशी आहात का?" असं विचारत नाही. "काय खाल्लं?" एवढंच विचारते. त्यात खोटं बोलणारे सापडतात, आणि खरं बोलणारेही.